नाणे, खड्डा आणि थर

गोदावरी व प्रवरा यांच्या काठावरील पैठण, नेवासे यांसारख्या जुन्या गावांच्या पांढरीत पावसाळ्यानंतर नाणी वर येतात. सातवाहनांची शिशाची, तांब्याची, पोटीनची नाणी गुराख्यांना, शेतकऱ्यांना पूर्वापार सापडत आली आहेत. नाण्यांच्या अभ्यासासाठी अशा गावांतून फिरताना मला गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न वारंवार विचारला जातो : “खोलवरची नाणी शोधायला कुठले मशीन घ्यावे?” प्रश्न विचारणारे सगळेच लोभी नसतात. अनेकांना खरोखरच इतिहासाचे कुतूहल असते. पण नाणे जितके खोल, तितका त्याच्या भोवतालच्या मातीतला पुरावा महत्त्वाचा, आणि यंत्र नेमका तोच पुरावा नष्ट करायला मदत करू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या लेखाचा विषय तोच आहे.

यंत्राला काय कळते?

धातुशोधक यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट दिशेने वाहणारी वीज सोडली, की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. वाटेत धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. तत्त्व जुने आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण वापरून पाहिले होते. त्यांना यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी हे तंत्र पक्के झाले आणि युद्धानंतर ते हौशी लोकांच्या हाती आले.

खोलीचे गणित मात्र निष्ठुर आहे. वेटोळ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत जाते आणि नाण्याकडून परत येणारा प्रतिसादही तसाच घटतो. म्हणजे ढोबळमानाने खोली दुप्पट झाली, की संकेत चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणूनच एकटे-दुकटे नाणे फूटभर खोलीच्या पुढे सहसा सापडत नाही. मोठी तबकडी अधिक खोल पाहते, पण तिला बारीक नाणे कळेनासे होते. नाण्यांनी भरलेले मडके हा धातूचा मोठा गोळा असल्याने तो मात्र बराच खोल असूनही यंत्राला जाणवतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झालेली असून तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. त्यामुळे यंत्राला मातीचाच आवाज येत राहतो. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. भेगेत पडलेले नाणे हातभर खाली जाऊ शकते. त्यामुळे काळ्या मातीत ‘खोल म्हणजे जुने’ हा हिशेब केवळ खोली मोजून मांडता येत नाही. नाण्याशेजारी कोणती खापरे, कोणती राख, कोणत्या रंगाची माती होती, हे पाहावेच लागते.

फ्रूमचे मडके

नांगराने उलथलेल्या वरच्या थरात वस्तू आधीच मूळ जागेवरून हललेल्या असतात. त्याखालचा थर बहुधा शाबूत असतो. म्हणून यंत्राने वरवरचे नाणे दाखवले तर नुकसान मर्यादित असते. खोलवरचा संकेत ही खरी परीक्षा. या परीक्षेत उत्तम उतरलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे.

एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यातील फ्रूमजवळच्या एका शेतात डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला विचित्र संकेत मिळाला. फूटभर खणल्यावर एक लहान रोमन नाणे आणि मडक्याचा काठ दिसला. त्यांनी तिथेच हात आवरला, खड्डा पुन्हा बुजवला आणि तज्ज्ञांना कळवले. अ‍ॅलन ग्रॅहम या पुरातत्त्वज्ञाने पुढचे उत्खनन केले. मडके तडकलेले होते, ते अखंड उचलता येण्यासारखे नव्हते. म्हणून नाणी जागेवरच थराथराने काढून, प्रत्येक थराची वेगळी नोंद ठेवली गेली. मोजणी झाली तेव्हा संख्या भरली ५२,५०३ आणि वजन सुमारे १६० किलो.

इतकी नाणी एका मडक्यात म्हटल्यावर पहिला तर्क सोपा होता. कुणीतरी वर्षानुवर्षे साठवत गेला असेल. तसे असते तर जुनी नाणी तळाशी आणि नवी वर मिळायला हवी होती. थरांच्या नोंदीने उलटेच सांगितले. इ. स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर सत्ता बळकावून बसलेल्या कॅरॉशियसची, म्हणजे साठ्यातल्या अखेरच्या काळातली नाणी, त्यांच्याहून कितीतरी जुन्या नाण्यांच्या खाली होती. याचा अर्थ सारी रक्कम एकाच प्रसंगी ओतली गेली. मडक्याची भिंत इतकी पातळ होती, की भरलेले मडके उचलून आणणे शक्यच नव्हते. ते आधी खड्ड्यात बसवले, मग लहान लहान भांड्यांतून भरले. पुन्हा पैसे काढायचे तर मडके फोडावे लागले असते. यावरून हा लपवलेला ठेवा नसून गावाने मिळून भूमीला किंवा देवतेला वाहिलेले दान असावे, अशी शक्यता ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकांनी मांडली. ती सर्वांना मान्य नाही. पण वाद घालायला पुरावा आहे, आणि तो आहे क्रिस्प यांनी तिथे हात थांबवला म्हणून. बादलीभरून नाणी घरी नेली असती, तर नाणी तितकीच राहिली असती. हा प्रश्न मात्र कुणाला सुचलाही नसता.

१९९२ साली सफकमधील हॉक्सन गावी असेच घडले होते. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमन साठा लागला. त्यांनीही थोडे खणून बाकीचे तज्ज्ञांवर सोडले. नाणी आणि दागिने कुठल्या पेटीत, कशा रीतीने रचले होते, हे त्यामुळेच कळले. तो हातोडाही पुढे ब्रिटिश म्युझियमने जतन केला.

उलट उदाहरणही तिथलेच. २०१५ साली हेरफर्डशरमधील लेम्स्टरजवळ दोघा शोधकांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. त्यांनी तो न कळवता विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी खटल्याच्या वेळी जेमतेम तीस-एकतीस हाती आली होती. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. त्या थोड्या नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा दुसरा केऑलवुल्फ यांची नावे एकाच धाटणीच्या नाण्यांवर दिसली. पुढच्या काळातल्या वेसेक्सच्या बखरीने ज्याला व्हायकिंगांच्या हातातले बाहुले ठरवले, तो केऑलवुल्फ प्रत्यक्षात आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार असावा, असे या नाण्यांवरून दिसते. उरलेल्या नाण्यांनी काय सांगितले असते, याला आता उत्तर नाही.

जोगलटेंभीचा साठा

महाराष्ट्राच्या इतिहासात या चर्चेला एक मोठा संदर्भ आहे. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावर जोगलटेंभी हे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या १३,२५० हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र. पण त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा चैत्य आणि उज्जैन चिन्ह उमटले होते. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा निर्वंश केल्याचे सांगते. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या दाव्याला चांदीची साक्ष दिली. एच. आर. स्कॉट यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

तरी या साठ्यापुढे बसले, की मला फ्रूमचे मडके आठवते. सुमारे चार हजार नाणी ठसा न मारताच का राहिली? ती ठसा मारायच्या प्रतीक्षेत होती, की दोन्ही प्रकार बाजारात सारखेच चालत होते? ठशाची आणि बिनठशाची नाणी मडक्यात मिसळलेली होती, की वेगवेगळ्या थरांत होती? हा टांकसाळीचा माल होता, की एखाद्या सावकाराची पुंजी? साठा अपघाताने मिळाला, थरांची नोंद झाली नाही. १९०६ साली कुणाकडून तशी अपेक्षाही करता येत नव्हती. आज ती करता येते.

कायदा आणि सोनाराची मूस

मग आपल्याकडे नाणी सापडलेला माणूस कळवत का नाही? याचे एक कारण कायद्यातच आहे. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. न कळवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. इथवर कायदा उदार आहे. पण सरकारने वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली, तर भरपाई किती? धातूची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा.

नहपानाचे नाणे जेमतेम दोन-अडीच ग्रॅमचे. त्याच्या इतिहासाचे मोल या हिशेबात शून्य धरले आहे. शिशाच्या नाण्याचे तर बोलायलाच नको. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने बाजारभावाइतके बक्षीस मिळते आणि ते शोधक व जमीनमालक वाटून घेतात. फ्रूमच्या साठ्याची किंमत ३,२०,२५० पौंड ठरली. त्यातली बहुतेक नाणी हलक्या धातूची होती. आपल्या कायद्याने त्यांना मोडीचा भाव आणि वर पाचवा हिस्सा मिळाला असता. अशा हिशेबाला घाबरून माणूस सोनाराकडे जातो आणि नाणे मुशीत वितळते.

इंग्लंडची व्यवस्था जशीच्या तशी इथे आणावी, असे माझे म्हणणे नाही. तिथेही लेम्स्टर घडतेच. इकडे संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खोदणे गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. गुप्तधनाच्या नादाने होणारे अघोरी प्रकार आपण पाहतोच. यंत्राचा मोकाट प्रसार त्यात भर घालील. पण विहीर खणताना, घराचा पाया काढताना, नांगरताना अपघाताने साठा मिळालेल्या माणसाला प्रामाणिक राहणे परवडले पाहिजे. १८७८ च्या कायद्यातला तो पाचवा हिस्सा बदलून तिथे नाण्याचे खरे मोल आले, तर जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढायला शेतकरी कचरणार नाही.

तोवर एवढे तरी करता येते. मडके दिसले तर ते तिथेच असू द्यावे. नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासू नयेत. जागेचे आणि खड्ड्याच्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजून लिहून ठेवावी, वर ताडपत्री टाकावी आणि तहसीलदार, जिल्हाधिकारी तसेच राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे. गोदा, प्रवरा, मांजरा यांच्या काठच्या पांढरीत अजून अशी मडकी असतील. त्यांच्यात कुठले नाणे वर आणि कुठले खाली आहे, हे पाहण्याची संधी प्रत्येक मडक्याच्या बाबतीत एकदाच मिळणार आहे.