४०२ : पाकिटावरचा आकडा आणि आपला इतिहास



मुंबईत गिरणीत, गोदीत राबणारी आपली वडीलधारी माणसं गावी पत्र धाडायची, तेव्हा पत्त्याखाली ४०२ ने सुरू होणारा आकडा घालायची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या भागात जायचं ते सांगतात, पुढचे तीन पोस्ट ऑफिस. पनवेल-कर्जत ४१० मध्ये गेले. पेण, अलिबाग, रोहा, माणगाव, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर ४०२ मध्ये राहिले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. १९८१ साली रायगड झालं.

पण ही भूमी पिनकोडाहून फार जुनी, आणि बुद्धाची आहे. तळ्याजवळच्या कुडा लेण्यांतील शिलालेख वाचले म्हणजे कळतं, की दान देणाऱ्यांत राजघराण्यातले होते, तसे माळी, वैद्य आणि लोखंडाचे व्यापारीही होते. कष्टकऱ्याचं नाव दगडात कोरलं गेलं ! महाडजवळ गांधारपाले लेणी आहेत. त्याच महाडात पुढे माणसाला पाण्याची बंदी झाली, ह्याहून मोठी अधोगती ती कोणती ?

ह्याच मातीने जागं करणारी माणसंही दिली. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केलं, पण ते कागदावरच ! मग रामचंद्र बाबाजी मोरे आदी कार्यकर्त्यांनी परिषद भरवली आणि २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सनातन्यांनी आपल्या माणसांना मारहाण केली, तळं पंचगव्याने 'शुद्ध' केलं. डिसेंबरात बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरी उतरले. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोर्टाचा झगडा चालूच राहिला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीसाठी दहा वर्षं !

आज आमची पोरं गावाचं नाव विचारलं तर "कोकणात कुठंतरी" म्हणतात. दोष त्यांचा नाही, आम्हीच सांगितलं नाही. म्हणून विहाराच्या ह्या वर्धापनदिनी आमची एवढीच विनंती : २० मार्चला महाडला जाल तेव्हा तळ्यावरून थेट एस.टी. स्टँड गाठू नका. मुलांना गांधारपाल्याच्या पायऱ्या चढवा, दासगावची खाडी दाखवा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ बसा. गाव, वाडी, बोटीचा प्रवास, सगळं वहीत उतरवून घ्या. ते माणूस गेलं की हा इतिहास कुठल्याच पोस्टात मिळायचा नाही.

जय भीम ! नमो बुद्धाय !