स्विमबेट

गोड्या पाण्यातील लार्जमाउथ बास या शिकारी माशाला गळास लावण्यासाठी योजले जाणारे, जिवंत माशाचा आकार व चाल साधणारे कृत्रिम आमिष. त्याचा उत्कर्ष दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. सॅन डिएगोच्या परिसरात १९५९ मध्ये फ्लोरिडाहून आणलेली, मोठ्या वाढीची बास सोडण्यात आली. पुढे हौशी गळकऱ्यांसाठी तेथील जलाशयांत थंडीच्या मोसमात रेनबो ट्राउट सोडण्याचा जो रिवाज सरकारी मत्स्यखात्याने चालू ठेवला, त्या ट्राउटवर पोसून ही बास विलक्षण स्थूल झाली, आणि तिला भुलवावयाचे तर तिच्या नित्याच्या भक्ष्याएवढेच, सहा ते दहा इंचांचे आमिष हवे, हा विचार क्रमप्राप्तच ठरला.

निवडीत रंगापेक्षा आकार, बुडण्याचा वेग आणि चाल यांना अग्रमान देणेच आमच्या मते युक्त होय. रुंद शेपटीचे मऊ आमिष तळालगत संथ ओढावे. सांध्यांचे कठीण आमिष उथळ, निवळ पाण्यात नागमोडी फिरते. पुष्कळदा बास आमिषामागून येते आणि न गिळताच परतते; अशा वेळी क्षणभर थांबून रिळाला एकदम झटका दिल्यास, पळू पाहणाऱ्या भक्ष्याचा भास होऊन ती झडप घालण्याचा संभव वाढतो. आमिष वजनदार असल्याने साडेसात ते आठ फुटांची भक्कम काठी व जाड दोर आवश्यक असतो. फार मोठ्या बास बहुधा वयस्क माद्या असतात. त्यांना केवळ जबड्याने न लटकविता पोटाखाली हात देऊन सत्वर पाण्यात सोडावे.