बुडबुडे फोडावेत की पाडावेत? : 'पझल बॉबल'चा इतिहास

१/८
एकाच रंगाचे तीन बुडबुडे जुळले की ते फुटतात. मोबाइलवरील हा खेळ साधा भासतो. तरीही नेम अचूक असलेला नवखा खेळाडू वारंवार हरतो. असे का होते, याचे उत्तर १९९४ सालच्या एका जपानी खेळयंत्रात सापडते. (थ्रेड)

२/८
१९८६ मध्ये 'टायटो' या जपानी कंपनीने 'बबल बॉबल' हा खेळ आणला. फुकिओ मित्सुजी हे त्याचे रचनाकार. त्यात बब आणि बॉब हे दोन चिमुकले डायनोसॉर शत्रूंना बुडबुड्यांत कोंडत. आठ वर्षांनी हीच जोडी 'पझल बॉबल'मध्ये अवतरली. आता काम वेगळे होते : तळाशी उभे राहून रंगीत बुडबुडे वर डागायचे.

३/८
हे यंत्र नाण्यावर चालत असे. एकाच नाण्यावर कोणी तासन्‌तास खेळत राहिला, तर मालकाची कमाई थांबणार. म्हणून ठरावीक नेमांनंतर छत खाली सरके, आणि खेळाडू फार वेळ रेंगाळला तर बुडबुडा आपोआप सुटे. विचार करण्यासही मोजकाच अवधी मिळे.

४/८
खरी मेख गुणपद्धतीत होती. फुटलेल्या बुडबुड्याला १० गुण. मात्र आधार तुटून एक बुडबुडा खाली पडला तर २०, दोन पडले तर ४०, तीन पडले तर ८०. असे दुप्पट होत १७ किंवा अधिक बुडबुड्यांना तब्बल १३,१०,७२० गुण! म्हणून पहिली युक्ती : खालचे टोक कुरतडू नये, छताजवळचे मूळ तोडावे.

५/८
दुसरी युक्ती रंगांची. पडद्यावर उरलेल्या रंगांचेच नवे बुडबुडे मिळत. एखादा रंग समूळ संपवला की तो पुन्हा हाती येत नसे आणि पुढचा डाव सोपा होई. तिसरी युक्ती भिंतीची. कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्यास ती सांगावी लागत नाही : बुडबुडा ज्या कोनात भिंतीवर आदळतो, त्याच कोनात परततो.

६/८
१९९६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड डॉबसन यांनी संगणकासाठी 'स्नूड' रचला. घरच्या संगणकाला नाण्याची घाई नव्हती. त्यामुळे घड्याळ गेले. त्याऐवजी प्रत्येक नेमागणिक चढणारा धोक्याचा मापक आला. सोंगट्या खाली पाडल्या की तो उतरे.

७/८
२०११ मध्ये 'किंग' कंपनीचा 'बबल विच सागा' आला. येथे बंधन वेळेचे नव्हते, बुडबुड्यांच्या संख्येचे होते. मोजकेच बुडबुडे घेऊन पातळी पार करायची.

८/८
आधी घड्याळ, मग मापक, शेवटी मोजके नेम. बंधनाचे रूप पालटले, पण एका नेमात अधिक बुडबुडे पाडणाराच तिन्ही काळांत सरस ठरला. म्हणून नवख्याने डागण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : पुढचा बुडबुडा कोणत्या रंगाचा आहे, आणि सर्वांत मोठा घोस छताला कोठे लटकला आहे.