बाजू न घेणारा नायक

निको फिशरला बर्लिनमध्ये दिवसभर वणवण करूनही एक कप कॉफी मिळत नाही. कुठे खिशातले पैसे कमी पडतात, कुठे यंत्रच बिघडलेलं. कायद्याचं शिक्षण त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलंय. वडिलांचे दरमहा हजार युरो मात्र येत राहिले. यान-ओले गेर्स्टरच्या ‘ओह बॉय’ (२०१२) या कृष्णधवल चित्रपटाचा हा नायक. ना पक्ष, ना मोर्चा, ना मत.

त्याचे पूर्वज जर्मन साहित्यात जुने आहेत. एरिश केस्टनरच्या ‘फाबियान’ (१९३१) या कादंबरीचा नायक डॉक्टरेट मिळवून सिगारेटच्या जाहिराती लिहितो. एका रात्री एक नाझी आणि एक कम्युनिस्ट एकमेकांवर गोळ्या झाडतात. फाबियान आणि त्याचा मित्र दोघाही जखमींना एकाच टॅक्सीत घालून इस्पितळात नेतात. फाबियान सगळं पाहतो, बाजू कुणाचीच घेत नाही. अखेर नदीत पडलेल्या मुलासाठी तो उडी मारतो. मुलगा पोहत काठाला लागतो; फाबियानला पोहता येत नसतं. मे १९३३मध्ये नाझींनी बर्लिनमध्ये केस्टनरची पुस्तकं जाळली, तेव्हा लेखक स्वतः त्या गर्दीत उभा होता.

विद्यार्थी चळवळीच्या ऐन भरात, जानेवारी १९६८मध्ये, माय श्पिल्सचा ‘त्सुर झाखे, शेत्सखेन’ हा चित्रपट आला. म्युनिकच्या श्वाबिंग भागातल्या त्याच्या नायकाला अंथरूण सोडायचाच कंटाळा. मूळ पटकथेत तो पोलिसांच्या गोळीने मरणार होता. पण जून १९६७मध्ये बर्लिनला बेनो ओनेझोर्ग हा विद्यार्थी खरोखरच पोलिसाच्या गोळीला बळी पडला आणि शेवट बदलावा लागला.

१९९२मध्ये ‘राजकारणाचा वीट’ या अर्थाचा जर्मन शब्द वर्षाचा शब्द ठरला. तीन वर्षांनी क्रिस्टियान क्राख्टच्या ‘फाझरलांड’ या कादंबरीतला निनावी, पैसेवाला तरुण महागडं जाकीट घालून झुल्ट बेटावरून झुरिकपर्यंत भटकला.

निकोला मात्र इतिहास दारूच्या गुत्त्यात गाठतो. शेजारी बसलेला म्हातारा नोव्हेंबर १९३८ची रात्र सांगू लागतो: नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली आणि रस्ताभर पसरलेल्या काचांवरून आता सायकल कशी चालवायची, म्हणून तेव्हा लहान असलेला तो रडला. बाहेर पडताच म्हातारा कोसळतो. पहाटे निकोला कॉफी मिळते.

निको साकारणारा टॉम शिलिंगच २०२१मध्ये डॉमिनिक ग्राफच्या पडद्यावरचा फाबियान झाला. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला कॅमेरा आजच्या बर्लिनमधल्या भुयारी रेल्वे स्थानकातून, आजच्याच प्रवाशांमधून पुढे सरकतो. जिना चढून वर येतो, तर बाहेर १९३१ साल असतं.