छतगवाक्ष : घरातील उजेडाच्या खर्चाचा इतिहास

घराच्या छपरात किंवा सपाट छतात उजेडासाठी ठेवलेल्या व बहुधा काचेने झाकलेल्या उघाड्यास छतगवाक्ष म्हणतात. इमारतकामात त्यास स्कायलाइट हा शब्द रूढ आहे. भिंतीतील उभ्या खिडकीसमोर आकाशाचा फार तर अर्धा भाग येतो. छतगवाक्षासमोर मात्र जवळजवळ सर्व आकाश असते. त्यामुळे सारख्याच मापाच्या खिडकीपेक्षा त्यातून पुष्कळ अधिक उजेड मिळतो आणि घराच्या मध्यभागी, जेथे भिंतीतील खिडकी पोहोचू शकत नाही, तेथेही तो नेता येतो. या सोयीची किंमत प्रत्येक काळात निरनिराळ्या रीतीने मोजावी लागली. कधी ती पावसाच्या पाण्याच्या रूपाने, कधी काचेच्या भावाने, तर ब्रिटनमध्ये सु. दीडशे वर्षे सरकारी कराच्या रूपाने द्यावी लागली.

प्रारंभीची छतगवाक्षे म्हणजे निव्वळ भोके होती. चुलीचा धूर बाहेर जावा व त्याच वाटेने उजेड आत यावा, एवढाच त्यांचा हेतू असे. महाराष्ट्रात खानदेश, मराठवाडा व विदर्भ या भागांतील धाब्याच्या घरांना ठेवलेले ‘साणे’ हे याच प्रकारचे होय. पाऊस आला की ते झाकावयाचे व उघडीप झाली की उघडावयाचे, एवढाच त्याचा व्याप. रोम येथील पॅंथीऑन या मंदिराच्या (इ. स. दुसरे शतक) घुमटाच्या माथ्यावरील सु. नऊ मी. व्यासाच्या वर्तुळाकार उघाड्यावरही काच नाही. आत पडणारे पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तेथील फरशीलाच उतार व छिद्रे ठेवलेली आहेत. मंदिरास अशी व्यवस्था चालते; निजावयाच्या खोलीस ती चालत नाही. उजेड हवा, पण पाणी नको, अशी अपेक्षा निर्माण होताच काच आवश्यक ठरली आणि खर्चाचा खरा प्रश्न उभा राहिला.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये खिडक्यांसाठी मुख्यतः क्राउन काच वापरीत. फुंकनळीवर फुगविलेला काचेचा गोळा पुन्हा तापवून वेगाने फिरविला म्हणजे त्याची सु. सव्वा ते दीड मी. व्यासाची पातळ तबकडी तयार होई. तिच्या मध्यावर जाड गाठ राही. ती गाठ व कडेची वक्रता वगळून उरलेल्या भागातून लहान लहान तावदाने कापावी लागत. भिंतीतील खिडकीस अशी तावदाने पुरत. छतगवाक्षात मात्र ती कौलांप्रमाणे एकावर एक चढवून बसवावी लागत. त्या सांध्यांत धूळ साचे, पाणी वर चढे आणि हिवाळ्यात ते गोठून काच तडके. लाकडी चौकटीत काच घट्ट राहावी म्हणून जवसाचे तेल व खडूची भुकटी यांचे लुकण भरीत. तेही उन्हाने वाळून काही वर्षांत सुटे. चौकट व छप्पर यांमधील फट शिशाच्या पत्र्याने मढवावी लागे. म्हणजे सुतार, काच बसविणारा व शिसेकाम करणारा असे तीन कारागीर एका लहानशा उघाड्यासाठी लागत आणि त्यांतील एकाचे तरी काम वरचेवर पुन्हा निघे.

या खर्चात सरकारने १६९६ मध्ये भर घातली. कडा कातरून हलकी झालेली चांदीची नाणी काढून घेऊन नवी नाणी पाडण्याचे काम त्या वेळी हाती घेण्यात आले होते. त्यातील तूट भरून काढण्यासाठी तिसऱ्या विल्यमच्या कारकीर्दीत खिडक्यांवर कर बसविण्यात आला. उत्पन्नावर कर बसविणे म्हणजे नागरिकाच्या खाजगी व्यवहारात हात घालणे, असे त्या काळी मानले जाई. खिडक्या मात्र रस्त्यावरून मोजता येत. प्रत्येक घरास वर्षाला २ शिलिंग, दहा ते वीस खिडक्यांच्या घरास एकूण ६ शिलिंग व त्याहून अधिक खिडक्या असल्यास १० शिलिंग असा प्रारंभीचा दर होता. छतगवाक्षे रस्त्यावरून दिसत नसली, तरी ती करातून सुटली नाहीत. जिने, पोटमाळे, तळघरे व बोळ यांतील खिडक्यांबरोबर त्यांचीही गणना करावयाची, असे कायद्याने स्पष्ट केले होते. दूधदुभत्याच्या व चीज ठेवण्याच्या खोल्यांना सूट मिळे. पण त्यासाठी दारावर तसे नाव लिहावे लागे आणि उघाड्यास काच लावता येत नसे. काही जुन्या शेतघरांच्या दारांवर ही नावे पुढेही टिकून राहिली.

कराचे खरे स्वरूप १७४७ च्या दरांवरून ध्यानात येते. घरामागे २ शिलिंग कायम ठेवून दहा ते चौदा खिडक्यांच्या घरास दर खिडकीस ६ पेन्स, पंधरा ते एकोणीस खिडक्यांस प्रत्येकी ९ पेन्स आणि वीस व त्यावरील खिडक्यांस प्रत्येकी १ शिलिंग (१२ पेन्स) असा आकार ठरविण्यात आला. हा आकार वरच्या टप्प्यातील खिडक्यांपुरता नसून घरातील सर्वच खिडक्यांवर होता. नऊ खिडक्यांच्या घरमालकाने अंधाऱ्या जिन्यावर एक छतगवाक्ष काढले, तर दहाही उघाडे कराच्या कक्षेत येत व त्याला दरसाल ५ शिलिंग अधिक द्यावे लागत. चौदांवरून पंधरांवर जाण्याची किंमत ४ शिलिंग ३ पेन्स, तर एकोणिसांवरून विसांवर जाण्याची ५ शिलिंग ९ पेन्स होई. सुताराची मजुरी एकदाच द्यावी लागे. हा आकार वर्षानुवर्षे चाले. म्हणूनच नऊ, चौदा किंवा एकोणीस खिडक्यांवर थांबण्याची आणि जास्तीच्या खिडक्या विटांनी बुजविण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसू लागली. १७६६ मध्ये सात खिडक्यांची घरेही करपात्र ठरली. १७८४ मध्ये धाकट्या विल्यम पिटने चहावरील जकात सु. ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली, तेव्हा तिची भरपाई खिडक्यांवरील कर वाढवून करण्यात आली. चहा स्वस्त झाला व उजेड महागला. १८०८ मध्ये हे दर सर्वोच्च पातळीवर पोहोचले.

ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात या करातील विषमतेवर नेमके बोट ठेवले आहे. खेड्याकडील १० पौंड भाड्याच्या घरास लंडनमधील ५०० पौंड भाड्याच्या घरापेक्षा अधिक खिडक्या असू शकतात. त्यामुळे खिडक्यांच्या संख्येवरून ऐपत ठरविली, तर गरिबावर अधिक बोजा पडतो, असा त्याचा मुद्दा होता. शहरांतील चाळवजा इमारतींत तर याचे परिणाम फार गंभीर झाले. अनेक कुटुंबे राहत असली, तरी अशी इमारत हे एकच घर मानले जाई. तिच्या साऱ्या खिडक्या एकत्र मोजल्या जात व कर घरमालकास भरावा लागे. तो वाचविण्यासाठी मालक खिडक्या बुजवी व अंधार भाडेकरूंच्या वाट्यास येई. १७८१ मध्ये कार्लाइल येथे उद्भवलेल्या प्रलापक ज्वराच्या (टायफसच्या) साथीचा शोध डॉ. जॉन हेशम याने घेतला, तेव्हा तिचा उगम गरीब कुटुंबांनी गजबजलेल्या एका घरात असल्याचे त्यास आढळले. कर कमी व्हावा म्हणून त्या घराच्या खिडक्या बंद करण्यात आल्या होत्या. प्रलापक ज्वर उवांमुळे पसरतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. तरीही अंधार, कोंदटपणा व दाटी यांच्याशी हेशमने जोडलेला संबंध निराधार म्हणता येत नाही. कारण उवांची वाढ अशाच वस्तीत होते.

खिडकीवरील करापेक्षा कमी परिचित, पण छतगवाक्षास अधिक जाचक असा दुसरा कर १७४६ मध्ये आला. तो काचेवरील उत्पादन शुल्काचा होय. क्राउन व प्लेट काचेसाठी लागणाऱ्या दर हंड्रेडवेट (सु. ५१ किग्रॅ.) मालावर ९ शिलिंग ४ पेन्स असा त्याचा प्रारंभीचा दर होता आणि पुढे तो अनेकदा वाढविण्यात आला. हे दोन्ही कर परस्परांविरुद्ध ओढत. पहिला संख्येवर असल्याने अनेक लहान खिडक्यांऐवजी एकच मोठे छतगवाक्ष काढणे किफायतीचे ठरावयास हवे होते. लंडनमधील अरुंद व खोल घरांचे जिने माथ्यावरील अशा एकेका गवाक्षाने उजळलेले असत. दुसरा कर मात्र वजनावर होता. गारा, हिम व वरून पडणारे कौल यांना तोंड देणाऱ्या छतगवाक्षास जाड काच लागते आणि जाड काच म्हणजे अधिक शुल्क. साहजिकच कारखानदारांचा कल पातळ काचेकडे राहिला. शुल्क अधिकारी भट्टीवर ठाण मांडून असत. त्यामुळे नवे प्रयोग करणेही अवघड होते. उजेडाचा हौशी उपयोग यामुळे श्रीमंतांपुरताच उरला. सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञाने लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील आपल्या घरात दिवाणखान्यांवर घुमट व पिवळसर काचेची छतगवाक्षे योजून उजेडाचे जे नाट्य साधले, ते याच चढ्या करांच्या काळातील होय. हे घर आता संग्रहालय आहे.

काचेवरील शुल्क १८४५ मध्ये रॉबर्ट पील याच्या मंत्रिमंडळाने रद्द केले आणि दोनच वर्षांत त्याचा परिणाम दिसून आला. संडरलंड येथील जेम्स हार्टली याने १८४७ मध्ये ओतीव लाटलेल्या काचेचे एकस्व मिळविले. वितळलेली काच पळीने थेट धातूच्या मेजावर ओतून तिच्यावरून रूळ फिरविला जाई. ही काच खडबडीत व अर्धपारदर्शक असे. तिच्यातून पलीकडचे दिसत नसे. पण छतातून कोणास काय पाहावयाचे असते? ती जाड, बळकट व स्वस्त होती आणि रेल्वे स्थानके, बाजार व कारखाने यांच्या छपरांसाठी तिचा झपाट्याने प्रसार झाला. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन याने उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चान्स बंधूंनी पुरविलेली सु. ३ लक्ष तावदाने बसविण्यात आली. दंडगोल पद्धतीने तयार केलेल्या या तावदानांची लांबी सु. १२४ सेंमी. व रुंदी सु. २५ सेंमी. होती. वजनावरील शुल्क असते, तर ही इमारत त्या खर्चात उभी राहिलीच नसती. खिडक्यांवरील कर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रद्द झाला. फ्रान्समध्ये १७९८ पासून दारे व खिडक्या यांवर असाच कर होता. तो १९२६ पर्यंत चालू राहिला.

कर गेले व काच स्वस्त झाली, तरी पाण्याचा प्रश्न उरलाच. यावर सर्वांत कमी खर्चाचा तोडगा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने दाबलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचा कारखाना काढला आणि ही मंगळुरी कौले कोकण व गोवे यांतही सर्रास वापरली जाऊ लागली. त्याच आकाराचे काचेचे कौल तयार होताच वेगळी चौकट, लुकण वा शिशाचा पत्रा यांची गरजच संपली. मातीचे एक कौल काढून त्या जागी काचेचे बसविले की स्वयंपाकघर उजळते. कडक उन्हाच्या प्रदेशात एवढा उजेड पुरतो. मोठे छतगवाक्ष तेथे उष्णतेमुळेच तापदायक ठरते. मुंबईतील कापड गिरण्यांच्या विणकामाच्या दालनांवरील करवती दात्यांची छपरेही याच कारणाने उत्तरेकडे काच ठेवून बांधलेली असत.

विसाव्या शतकात विजेच्या दिव्यांमुळे छतगवाक्षाची निकड कमी झाली आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांच्या भीतीने यूरोपातील असंख्य काचेची छपरे काळी रंगविण्यात आली. तारेची जाळी घातलेली काच (१८९२) ही त्यापूर्वीची महत्त्वाची सुधारणा. काच फुटली तरी तुकडे खाली पडत नसल्याने तिने धोका कमी केला. युद्धकाळातच डेन्मार्कमधील व्हिलम कान रासमुसेन याने उतरत्या छपरात बसणारी, उघडता येणारी तयार खिडकी बाजारात आणली. कारखान्यात जुळविलेली चौकट व तिच्यासोबतच येणाऱ्या धातूच्या पट्ट्या, यांमुळे जागेवरील कारागिरी पुष्कळ घटली. युद्धोत्तर घरटंचाईत पोटमाळ्यांच्या खोल्या करण्यास तिचा फार उपयोग झाला. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या तरंग पद्धतीने सपाट काच आणखी स्वस्त झाली, तर १९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णता कोंडून ठेवणारी दुहेरी काच थंड देशांत नित्याची झाली.

आजच्या छतगवाक्षाच्या खर्चात उघड्या काचेचा वाटा अल्प असतो. वासे कापून त्यांचा भार पेलणारी आडवी लाकडे बसविणे, परांची बांधणे, चौकटीभोवतीचे छप्पर पुन्हा जुळविणे आणि आतील बाजू मढविणे यांवर पैसा जातो. म्हणून नव्या घराच्या बांधकामातच ते योजले, तर बरेच स्वस्त पडते. जुन्या छपरात, विशेषतः पाटीच्या दगडाच्या छपरात, तेच काम महागते. दुहेरी काचेच्या कडेचे बंधन काही दशकांनी सुटते, दोन काचांमध्ये दमट हवा शिरून त्या धुरकट होतात आणि मग तो जोड पुसता येत नाही, बदलावाच लागतो.