भिंतीवरच्या रेघा

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यात पोळ्याच्या तारखेभोवती मी पेनाने बारीकसा गोल केला होता. आईने विचारलंच असतं, तर सणाचा म्हणून सांगता आलं असतं. घरी अजून कुणाला माहीत नाही.

तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा ‘पोळ्याला येतो’ म्हणाला होता. पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. त्याला सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या ब्लॉकमधली मैत्रीण म्हणाली, “पोळ्याले नाई जमलं त दसऱ्याले येईन तो. एवढी काऊन घाबरतं?”

त्याच आठवड्यात मी ‘गाथासप्तशती’ वाचत होते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा सातशे गाथांचा संग्रह. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला. एकेक गाथा दोन ओळींची, जेमतेम एका मेसेजएवढी.

त्यातल्या एका गाथेतली तरुणी त्याच्या येण्याचा दिवस मोजायला घराच्या भिंतीवर रेघा ओढते. मुदत भरत आली की मैत्रिणींच्या पोटात गोळा येतो, तो नाही आला तर हिचं काय होईल? मग त्या चोरून दोन-तीन रेघा पुसून टाकतात.

मी पुस्तक मिटलं. दसऱ्याचं बोलणारी मैत्रीण दुसरं काय करत होती?

या रेघांमागे साधा हिशोब आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात भडोचच्या बंदरापासून पैठण सुमारे २० दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी. तिथून माल घेऊन बंदराला गेलेल्या माणसाच्या नुसत्या जाण्यायेण्याच्याच ४० रेघा झाल्या. त्यात पाऊस लागला की वाटा चिखलाच्या, नद्या भरलेल्या. म्हणून गाथांमध्ये पहिला ढग दिसला की घरी राहिलेलीचा जीव कासावीस होतो. आता नाही आला, तर पावसाळा सरेपर्यंत येणार नाही.

माझ्याकडे फोन आहे, ढगांचं भय नाही. पण दिवस तसाच जातो. सकाळी पाणी भरायचं, दुपारी लायब्ररीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. वाघ-बिबट्याची भीती असते, म्हणून अंधार पडायच्या आत घरी परतायचं. मग पॉवर स्टेशनच्या चिमण्यांवरचे लाल दिवे बघत त्याची शिफ्ट संपायची वाट बघायची. तो ऑनलाइन दिसतो, पण समोर घरचे बसलेले असतात.

असं चोरून जगणं गाथांनाही ठाऊक आहे. एका गाथेत गोदावरीकाठच्या मोहाच्या झाडाला विनवणी आहे, फुलं जरा सावकाश गाळ. मोह वेचायचं निमित्त असेपर्यंतच भेट होणार! पुढच्याच गाथेत ती शेवटची फुलं रडत वेचते, चितेवरच्या अस्थी वेचाव्यात तशी. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत आजही बाया उन्हाळ्यात पहाटेच टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात. आमच्या इरईचं पाणी वर्धेतून प्राणहितेत आणि सिरोंच्याजवळ त्याच गोदावरीत जातं. म्हणून ती गाथा मला पैठणइतकीच इकडचीही वाटते.

संग्रह राजाच्या नावावर, आवाज मात्र कितीतरी ठिकाणी बाईचा. टीकाकारांनी काही गाथांपुढे रेवा, अनुलक्ष्मी, माधवी अशी बायकांची नावंही दिली आहेत. रेघा ओढणारीचं नाव गाथेत नाही. तिला रेघा पुसल्याचं कळलं का, तेही गाथा सांगत नाही.

मला वाटतं, कळलं असणार. रोज स्वतःच्या हाताने रेघ ओढणारीला आकडा पाठ असतो. पण आपल्यासाठी कुणीतरी चोरून भिंत पुसतंय, हे बघून ती गप्प राहिली असेल. मीही मैत्रिणीला “हो, येईन” एवढंच म्हटलं.

काल ती साखर मागायला आली होती. ती गेल्यावर मी कालनिर्णयाचं पान उलटून बघितलं. दसऱ्याच्या तारखेभोवती गोल होता. माझ्यापेक्षा जरा ठसठशीत.