बाल्टिमोरच्या बिनस्टँपाच्या नोटा

५ डॉलरच्या नोटेला १० सेंटचा स्टँप, १,००० डॉलरच्या नोटेला २० डॉलरचा. ते नको असेल तर वर्षाला १५,००० डॉलर एकरकमी भरा. १८१८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने आपली सनद नसलेल्या बँकांसाठी हा कायदा केला. रोख होता राष्ट्रीय ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’वर. तिच्या बाल्टिमोर शाखेचा कॅशियर जेम्स मॅकुलक याने बिनस्टँपाच्या नोटा दिल्या आणि दंडाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

राज्यघटनेत काँग्रेसला, म्हणजे संसदेला, कर बसवण्याचा, कर्ज काढण्याचा, सैन्य उभारण्याचा अधिकार लिहिलेला आहे. बँक काढण्याचा नाही. १७९१ मध्ये पहिल्या राष्ट्रीय बँकेच्या वेळी जेम्स मॅडिसन यांनी प्रतिनिधिगृहात नेमके यावरच बोट ठेवले होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे म्हणणे, काम सोपवले की त्याची साधनेही सोबत आलीच. अध्यक्ष वॉशिंग्टन यांना ते पटले.

१८११ मध्ये त्या बँकेची सनद संपली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटले आणि कर्ज उभारताना सरकारच्या नाकी नऊ आले. १८१६ मध्ये दुसऱ्या, म्हणजे या खटल्यातल्या, बँकेच्या सनदेवर सही केली ती अध्यक्ष मॅडिसन यांनीच! त्यांचे मत असे झाले होते की काँग्रेस, अध्यक्ष, न्यायालये आणि जनतेने बँक इतकी वर्षे मान्य केली, तेव्हा घटनेचा तो वाद मिटलेला आहे. याला कोलांटउडी म्हणणे अन्यायाचे होईल. घटना राबवताना आलेला अनुभव त्यांनी प्रामाणिकपणे जमेस धरला.

न्यायालयात युक्तिवाद नऊ दिवस चालले. मेरीलँडच्या बाजूने उभे असलेले ल्यूथर मार्टिन १७८७ च्या घटना परिषदेत स्वतः बसलेले. ६ मार्च १८१९ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एकमताचा निकाल वाचला. घटनेपूर्वीच्या जुन्या महासंघाच्या करारात केंद्राला फक्त ‘स्पष्टपणे’ दिलेलेच अधिकार होते. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे ठेवणाऱ्या दहाव्या घटनादुरुस्तीत तो शब्द नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हेतू घटनेत बसत असेल आणि घटनेने मना केले नसेल, तर योग्य साधन निवडायला काँग्रेस मोकळी आहे. आणि राज्याला त्या साधनावर कर लादता येणार नाही, कारण कर लादण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचाही अधिकार येतो.

व्हर्जिनियातल्या वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. मार्शल यांनी टोपणनावाने लेख लिहून तिला उत्तरे दिली. बँकेला मात्र निकालाचे कवच पुरले नाही. १८३२ मध्ये सनद वाढवण्याचे विधेयक अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी परत पाठवले. घटनेचा अर्थ आपणही लावू शकतो, न्यायालयाचे मत आपल्याला बांधत नाही, असे त्यांनी बजावले. १८३६ मध्ये दुसऱ्या बँकेची सनदही संपली.